हार्ड डिस्क डीफ्रॅगमेंट करताना: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न काउंटरवर, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत गुजरीतल्या सराफी पेढ्या आहेत, लग्नाचे फोटो काढणारे आहेत, उद्यमनगरातले वर्कशॉपवाले आहेत आणि इंजिनिअरिंगची पोरंही आहेत. प्रश्न शक्यतो ज्याच्या त्याच्या बोलीत ठेवलेत. एकच गोष्ट दोन ठिकाणी आली असेल तर उत्तर एकदाच दिलंय आणि दुसरीकडे त्याचा क्रमांक. घाईत असाल तर आधी प्रश्न २ वाचा. तिथं तुमची डिस्क एसएसडी (फिरणाऱ्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी) निघाली तर थेट प्रश्न ९ वर जा, मधलं वाचायची गरज नाही.

१. डीफ्रॅग डीफ्रॅग म्हणतात, ते नेमकं असतं काय?

हार्ड डिस्कच्या आत गोल फिरणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांच्यावरून पुढे-मागे सरकणारा एक हात असतो. त्या हाताच्या टोकाला हेड असतं, तेच डेटा वाचतं आणि लिहितं. विंडोज डिस्कवरची जागा छोट्या छोट्या कप्प्यांत मोजते. एनटीएफएसमध्ये (कुठली फाइल डिस्कवर कुठं आहे याची नोंद ठेवायची विंडोजची नेहमीची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) असा एक कप्पा, म्हणजे क्लस्टर, साधारणपणे ४ केबीचा असतो. फाइल सेव्ह करताना सलग जागा मिळाली नाही की तिचे तुकडे करून जिथं कप्पे रिकामे असतील तिथं ठेवले जातात.

मार्केट यार्डातल्या अडतीवर एकाच शेतकऱ्याचे गुळाचे रवे जागा दिसेल तिथं लावले, की सौद्याच्या वेळी हमालाला सगळ्या गोदामात फिरावं लागतं. इथंही तसंच होतं. माल पूर्ण असतो, एक रवाही हरवलेला नसतो, पण गोळा करण्यात वेळ जातो. हे तुकडे पुन्हा एका ओळीत आणून ठेवणं म्हणजे डीफ्रॅगमेंट करणं. त्यात फाइलमधला मजकूर बदलत नाही, फक्त तिची डिस्कवरची जागा बदलते.

२. माझ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे सीपीयू न उघडता कसं कळणार?

विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये गेलात की डाव्या बाजूला ‘डिस्क ०’च्या खाली एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) किंवा एसएसडी असं लिहिलेलं दिसतं. जुन्या आवृत्तीत ते दिसलं नाही तर स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ टाईप करा. ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ ही खिडकी उघडते, तिथं ‘मीडिया टाईप’ नावाचा रकानाच आहे.

यूएसबीनं जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हच्या बाबतीत मात्र या रकान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मधल्या यूएसबी सर्किटमुळे कधीकधी चुकीचा प्रकार दिसतो. अशा वेळी डबीवरचा मॉडेल नंबर शोधून खात्री करा.

३. डीफ्रॅग करायचं कसं? एकेक पायरी सांगा.

आधी महत्त्वाच्या फाइलींची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. डीफ्रॅगमुळे डेटा सहसा जात नाही. पण मरायला टेकलेली डिस्क नेमकी या कामात जीव सोडते, त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये आहे.

मग नको असलेलं आधी काढा: रीसायकल बिन, डाउनलोड फोल्डर, ‘डिस्क क्लीनअप’मधून टेम्पररी फाइली. जो कचरा उद्या टाकायचाच आहे तो आज ओळीत लावून काय मिळणार?

त्यानंतर प्रश्न २ मधली खिडकी उघडा, ड्राइव्ह निवडा आणि ‘ॲनालाइझ’ दाबा. ‘करंट स्टेटस’मध्ये टक्केवारी येईल. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर खिडकी बंद करून आपल्या कामाला लागा. जास्त असेल तर ‘ऑप्टिमाइझ’ दाबा. विंडोज ७ मध्ये याच बटणावर ‘डीफ्रॅगमेंट डिस्क’ असं लिहिलेलं असतं. काम सुरू झालं की ‘पास १’, ‘पास २’ असे टप्पे दिसतात. आकडा शंभराजवळ जाऊन पुन्हा शून्यावर आला तर काही बिघडलं असं समजू नका, पुढचा पास सुरू झाला एवढंच. त्या वेळात मोठी कॉपी, व्हिडिओ एडिटिंग, स्कॅनिंग असलं काही लावू नका.

४. विंडोज हे आपोआप करते म्हणतात. मग मी कशाला हात लावू?

बरोबर ऐकलंय. विंडोज ७ मध्ये दर बुधवारी रात्री १ वाजता, आणि विंडोज ८ पासून पुढे आठवड्यातून एकदा ऑटोमॅटिक मेंटेनन्समध्ये हे काम लावून दिलेलं असतं. बहुतेकांना म्हणूनच स्वतः काही करावं लागत नाही.

अडचण आपल्या दुकानांच्या सवयीची आहे. रात्री शटर ओढताना मेन स्विच खाली, सकाळी उघडल्यापासून रात्रीपर्यंत बिलिंग. वेळ चुकली तर विंडोज पुढे मशीन मोकळं सापडायची वाट बघते, आणि दुकानातलं मशीन मोकळं कधी असतं? लॅपटॉप बॅटरीवर असेल तरीही हे काम होत नाही. याच खिडकीत ‘लास्ट रन’ नावाचा रकाना आहे. तिथं ‘नेव्हर रन’ किंवा मागच्या वर्षाची तारीख दिसली तर महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत स्वतः ‘ॲनालाइझ’ करून बघा. तारीख आठवडाभरातली असेल तर विषय संपला.

५. केल्यावर खरंच स्पीड वाढतो का? किती?

इथं जरा आकडेमोड करूया, म्हणजे तुम्हालाच अंदाज येईल.

डेस्कटॉपची नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी धरा, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हात योग्य जागी सरकायला साधारण ९. म्हणजे एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जायला १३ मिलिसेकंद. जुन्या लॅपटॉपमधली ५४०० फेऱ्यांची डिस्क असेल तर १७-१८.

आता ५ एमबीचा एक फोटो घ्या. सलग असेल आणि डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचत असेल तर तो ५० मिलिसेकंदांत येतो. त्याचेच ४० तुकडे झाले असतील तर नुसत्या धावपळीत अर्धा सेकंद जातो. म्हणजे वेळ दहापट. असे दोनशे फोटो फोल्डरमध्ये एकदम उघडले की वैताग येतो तो इथं.

पण ७०० एमबीच्या व्हिडिओचे तेवढेच ४० तुकडे झाले तर? वाचायला मुळातच ७ सेकंद लागणार होते, तिथं साडेसात लागतील. कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणूनच व्हिस्टापासून विंडोजचं डीफ्रॅग ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांना तुकडा धरतच नाही, ते जोडत बसण्यात फायदा नसतो.

तेव्हा अनेक वर्षांत कधीच डीफ्रॅग न झालेल्या, जवळजवळ भरलेल्या, ३०-४० टक्के तुकडे झालेल्या डिस्कवर फरक जाणवतो. विंडोज चालू होणं, प्रोग्रॅम उघडणं, फोल्डर उघडणं, इथं तो दिसतो. ४ टक्क्यांवरून शून्यावर आणलं तर फक्त मनाला बरं वाटतं. इंटरनेट स्लो असणं, प्रिंट उशिरा निघणं, गेम अडकणं यांच्याशी डीफ्रॅगचा संबंध नाही.

६. किती वेळ लागतो?

डिस्क केवढी, किती भरलेली आणि किती विखुरलेली त्यावर ठरतं. अर्ध्या तासात उरकतं तसं रात्रभरही चालू शकतं. पहिल्यांदाच करत असाल तर सुट्टीच्या दिवशी लावा. मध्येच थांबवावं लागलं तर ‘स्टॉप’ दाबा, जेवढं झालं तेवढं पदरात पडतं, पुढचं नंतर करता येतं.

७. सी ड्राइव्ह लाल झालाय. डीफ्रॅग केल्यावर जागा मोकळी होईल ना?

नाही होणार. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. डीफ्रॅग वस्तू हलवतं, फेकत नाही. उलट त्यालाच काम करायला मोकळी जागा लागते. विंडोज एक्सपीच्या काळात ते किमान १५ टक्के जागा रिकामी मागायचं. तो नियम आजही धरून चाला. ५०० जीबीच्या डिस्कवर ७५ जीबी. त्याहून कमी जागेत डीफ्रॅग लावलंत तर तासन्‌तास चालेल आणि शेवटी आकडा जवळपास तोच राहील.

आधी जागा करा. घराघरांतल्या सी ड्राइव्हवर बहुतेक वेळा डेस्कटॉपवर टाकलेले मोबाईलचे व्हिडिओ असतात, आणि ‘डेस्कटॉप म्हणजेच सी ड्राइव्ह’ हे कुणी सांगितलेलं नसतं. ते डी ड्राइव्हवर हलवा. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन वाटण्या असतील तर दोन्हींचं डीफ्रॅग एकदम लावू नका. हात एकच आहे, तो दोन्हीकडे पळत राहतो.

८. डीफ्रॅग चालू असताना लाईट गेली तर सगळा डेटा जाणार का?

पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. सगळा डेटा जात नाही. विंडोजचं डीफ्रॅग फाइल उचलून हवेत धरत नाही. ते तुकड्याची नवीन जागी आधी कॉपी करतं, मग फाइल सिस्टिममध्ये पत्ता बदलतं आणि नंतरच जुनी जागा मोकळी करतं. शिवाय एनटीएफएस आपल्या बदलांची नोंदवही ठेवतं, त्यामुळे मशीन पुन्हा चालू झालं की अर्धवट राहिलेलं सावरून घेतलं जातं. तुमची फाइल जुन्या जागी असते, नाहीतर नव्या.

तरीही धोका शून्य नाही. डिस्क स्वतःच्या मेमरीत थोडा डेटा धरून ठेवते, तो लाईटबरोबर जाऊ शकतो. जुन्या डिस्कला ऐन कामात वारंवार वीज तुटणं मानवतही नाही. त्यात एफएटी३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅटच्या बाहेरच्या ड्राइव्हला ती नोंदवही नसतेच, तिथं फाइल बिघडायची शक्यता जास्त.

यूपीएस असेल तरच लावा, आणि यूपीएसची बॅटरी खरोखर चालते का ते आधी बघा. कितीतरी ऑफिसांत यूपीएस म्हणजे नुसतं जड एक्स्टेंशन बोर्ड झालेलं असतं. लाईट गेल्यावर यूपीएस ओरडायला लागला की ‘स्टॉप’ दाबून मशीन रीतसर बंद करा. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावून ठेवा. नंतर काही शंका वाटली तर ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’, ‘चेक’.

९. एसएसडीवर डीफ्रॅग केलं तर काय होईल?

फायदा काही होणार नाही. एसएसडीत फिरणारी चकती नाही, सरकणारा हात नाही. प्रश्न ५ मधले ते १३ मिलिसेकंद तिथं नसतात, त्यामुळे तुकडे जोडून वाचवायला वेळच शिल्लक नाही. नुकसान एवढंच की एसएसडीच्या चिपवर किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते आणि तुम्ही उगाच ती खर्च करता. कुणी एकदा केलं म्हणून एसएसडी मरत नाही, घाबरू नका. पण दर रविवारी करायचं व्रत घेऊ नका.

१०. मग विंडोज माझ्या एसएसडीलाही ‘ऑप्टिमाइझ’ का करते? ते शेड्युल बंद करू?

बंद करू नका. बटणावरचं नाव सारखं असलं तरी आतलं काम वेगळं आहे. एसएसडी आहे हे ओळखून विंडोज तिथं ट्रिम पाठवते, म्हणजे ‘या कप्प्यांतला डेटा आता नको आहे’ असं एसएसडीला कळवते. त्यामुळे तिचा लिहिण्याचा वेग टिकतो.

यात एक बारकावा आहे. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ (विंडोज बिघडली तर आधी टिपलेल्या स्थितीवर, म्हणजे रिस्टोअर पॉइंटवर, परत नेणारी सोय) चालू असेल तर विंडोज साधारण महिन्यातून एकदा एसएसडीवरही थोडंसं खरं डीफ्रॅग करते. एका फाइलचे किती तुकडे नोंदवता येतात याला एनटीएफएसमध्ये मर्यादा आहे आणि रिस्टोअर पॉइंटच्या यंत्रणेला अति तुकडे झालेल्या फाइली जड जातात, म्हणून ही सोय. ते विंडोजचं विंडोजला करू द्या. आपण फक्त बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर एसएसडीवर चालवायचं नाही.

११. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के दाखवतेय. डीफ्रॅग करू का सरळ फॉरमॅट मारू?

थांबा भावा, दोन्ही नको. आधी टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’मध्ये ‘डिस्क’ या शब्दावर क्लिक करा. जो प्रोग्रॅम डिस्क खातोय तो सगळ्यात वर येईल. बहुतेक वेळा तिथं विंडोज अपडेट, अँटीव्हायरसचं स्कॅनिंग किंवा सर्च इंडेक्सिंग सापडतं. अपडेट चालू असेल तर तासभर मशीनला हात लावू नका, आपोआप शांत होतं.

तसं काही नसेल तर ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरी बघा. ४ जीबी रॅम, त्यात क्रोमच्या वीस टॅब, म्हटल्यावर रॅममध्ये न मावलेलं सगळं विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकते आणि परत उचलते. हे दिवसभर चालतं. इथं डीफ्रॅगनं काहीही होणार नाही, रॅम वाढवावी लागेल.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये आणखी एक प्रकार बघायला मिळतो. सीपीयूचं झाकण काढलं की पंख्याच्या खालच्या पट्ट्यांत तेलकट काळी भुकटी भरलेली, हवा जायला फट नाही. प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. मालक म्हणतो, ‘डिस्क स्लो झालीय.’ ब्लोअर मारायला दहा मिनिटं लागतात.

आणि हेही सांगून टाकतो: विंडोज १० आणि ११ साध्या हार्ड डिस्कवर मुळातच जड चालतात. मागे इतकं काही ना काही चालू असतं की डिस्क कितीही नीट लावलेली असली तरी हात पळतच राहतो. सी ड्राइव्हसाठी साटा एसएसडी टाकली तर ती सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, आणि एका जागेवरून दुसरीकडे जाण्याचा वेळ जवळजवळ नसतोच. जुन्या मशीनवर एकच खर्च करायचा असेल तर आमचं मत एसएसडीला. जुनी हार्ड डिस्क डेटासाठी ठेवा.

१२. टॅली उघडायला फार वेळ लागतो. डीफ्रॅगनं फरक पडेल का?

पडू शकतो, कारण टॅलीसारख्या हिशेबाच्या फाइली रोज थोड्याथोड्या वाढतात आणि प्रत्येक वाढीव तुकडा वेगळीकडे जाऊन बसतो. आउटलुकची मेलची फाइलही तशीच. पण दोन गोष्टी तपासा. डेटा लॅनवर दुसऱ्या मशीनमध्ये असेल तर डीफ्रॅग त्या मशीनचं करायचं, तुमच्या समोरच्याचं करून उपयोग नाही. आणि दहा वर्षांचा हिशेब एकाच कंपनीत असेल तर तो वर्षानुसार विभागून घ्या, त्यानं जास्त फरक पडेल. डीफ्रॅगआधी टॅली सगळीकडे बंद करा आणि बॅकअप घ्या.

१३. आमचा फोटो स्टुडिओ आहे. ४ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कचं डीफ्रॅग किती दिवसांनी करावं?

बहुतेक कधीच नाही. लग्नाचं शूट रिकाम्या डिस्कवर एकदा कॉपी केलं, नंतर त्याला हात लावला नाही, तर त्या फाइली आधीच सलग असतात. तुकडे होतात ते सतत सेव्ह होणाऱ्या गोष्टींचे: अल्बमच्या फोटोशॉप फाइली, लाइटरूमचा कॅटलॉग. ते काम मशीनमधल्या ड्राइव्हवर करा, झालं की बाहेरच्या डिस्कवर टाका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बाहेरच्या छोट्या डिस्कांपैकी पुष्कळशा एसएमआर प्रकारच्या असतात. त्यांत जागा वाचवायला ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा म्हटला की शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डीफ्रॅग म्हणजे सतत इकडचं तिकडे लिहिणं. अशी डिस्क त्या कामाला दिवसच्या दिवस घेते आणि तापते.

डिस्क खरंच विखुरलेली असेल तर सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, उघडून खात्री करा, पहिली फॉरमॅट करा आणि परत कॉपी करा. सगळं सलग बसतं, आणि या निमित्तानं दुसरी प्रतही तयार होते. ती पुसू नका.

१४. डिस्कमधून टक-टक आवाज येतो आणि मशीन मध्येच अडकतं. आधी डीफ्रॅग करू का चेकडिस्क?

दोन्ही नको. आधी डेटा काढा. टक-टक हा हेडला जागा सापडत नसल्याचा आवाज असू शकतो. डीफ्रॅग अशा डिस्कला तासन्‌तास पळवतं. बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले भाग, शोधणारं चेकडिस्कही कोपरा न् कोपरा वाचतं.

आवाज नसेल, नुसतं अडकत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. ‘गुड’च्या जागी ‘कॉशन’ दिसलं तर ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स काउंट’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ या दोन ओळी बघा. तिथं शून्याहून मोठा आकडा असेल आणि तो आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क बदला. लग्नाचे फोटो किंवा हिशेब अडकला असेल आणि दुसरी प्रत नसेल तर मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर भिजलेल्या डिस्काही खूप आल्या. तिथंही हेच लागू: ‘चालते का बघू’ म्हणून लाईट देऊ नका.

१५. चुकून फोल्डर डिलीट झालं. डीफ्रॅग केलं की परत येईल का?

परत तर येणार नाहीच, उलट होती ती आशाही जाईल. डिलीट झालेली फाइल लगेच पुसली जात नाही, तिची जागा फक्त ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. डीफ्रॅग त्याच रिकाम्या जागेत दुसऱ्या फाइली आणून बसवतं. त्या ड्राइव्हवर काहीही कॉपी करू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरही तिथं इन्स्टॉल करू नका. मशीन बंद करा आणि डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून फाइल शोधा. एसएसडी असेल तर ट्रिममुळे शक्यता मुळातच कमी असते.

१६. सगळं केलं, तरी ५-६ टक्के फ्रॅगमेंटेड दाखवतंच. का?

काही फाइली विंडोज चालू असताना हलवता येत नाहीत. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंटचा साठा, एनटीएफएसच्या स्वतःच्या नोंदींचा काही भाग, या जागच्या जागी राहतात. त्या सोडून द्या. शून्य टक्के गाठायचा हट्ट कामाचा नाही. आकडा १५-२०वर अडकला असेल तर मात्र मोकळी जागा कमी पडतेय, प्रश्न ७ बघा.

१७. डीफ्रॅगनंतर जुने रिस्टोअर पॉइंट गायब झाले. व्हायरस का?

व्हायरस नाही. रिस्टोअर पॉइंटची यंत्रणा डिस्कवरचे बदल १६ केबीच्या ठोकळ्यांत टिपते आणि आपला नेहमीचा क्लस्टर ४ केबीचा असतो. त्यामुळे डीफ्रॅगनं नुसत्या हलवलेल्या फाइलीही तिला कधीकधी ‘बदल झाला’ अशा वाटतात. तिला दिलेली जागा भरली की सर्वांत जुने पॉइंट आपोआप काढले जातात. रिस्टोअर पॉइंट खरोखर लागणार असेल, म्हणजे नुकतंच एखादं ड्रायव्हर टाकून बघताय, तर डीफ्रॅग पुढं ढकला.

१८. दुकानाच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर अडकतो. त्यातली डिस्क काढून पीसीला लावून डीफ्रॅग करू?

अजिबात नको. डीव्हीआर स्वतःच्या पद्धतीनं डिस्क वापरतो, जुनं रेकॉर्डिंग खोडून त्याच जागी नवीन लिहीत राहतो. विंडोजला बहुतेक डीव्हीआरच्या डिस्का ओळखताच येत नाहीत. डिस्क जोडली की ती ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करायला सांगते, आणि घाईत ‘ओके’ दाबलं की रेकॉर्डिंग हातचं गेलं. चोरीचं फुटेज पोलिसांना द्यायचं असेल तेव्हा तर हा खेळ करूच नका. डीव्हीआरच्याच मेन्यूतून डिस्कची तब्येत तपासा.

१९. पेनड्राइव्ह आणि मोबाईलचं मेमरी कार्ड?

नाही. तिथंही चिप आहे, फिरणारं काही नाही. प्रश्न ९ सारखंच.

२०. डीफ्रॅगचं कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

विंडोजमधलंच. एक्सपीच्या जमान्यात बाहेरच्या सॉफ्टवेअरला अर्थ होता, रंगीबेरंगी चौकोन सरकताना बघायला मजाही यायची. आज डीफ्रॅगलरसारखी मोफत साधनं चालतात, पण रोजच्या वापरात त्यांची गरज आम्हाला दिसत नाही. एकाच मोठ्या फाइलीचं डीफ्रॅग करायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘कॉन्टिग’ वापरा. ‘पीसी ३०० टक्के फास्ट’ अशी जाहिरात करणारं, रजिस्ट्री साफ करण्याचं आमिष दाखवणारं काहीही डाउनलोड करू नका. मशीन स्लो झाल्याच्या तक्रारींत ही सॉफ्टवेअरंच पुष्कळदा कारण असतात.

२१. लिनक्स किंवा मॅकवर करावं लागतं का?

सहसा नाही. लिनक्सची एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम कुठलीही फाइल लिहितानाच सलग जागा शोधते. लागलंच तर ‘ई४डीफ्रॅग’ आहे. आताच्या मॅकमध्ये एसएसडीच असते.

२२. सर्व्हिसिंगच्या बिलात डीफ्रॅगचे वेगळे पैसे लावलेत. बरोबर आहे का?

‘ॲनालाइझ’चा आधीचा आणि नंतरचा आकडा मागा. एसएसडीवर लावले असतील तर देऊ नका. हार्ड डिस्कवर बॅकअप, तपासणी, सफाई असं सगळं मिळून केलं असेल तर त्या वेळेचे पैसे द्यायला हरकत नाही. नुसतं बटण दाबायचं काम तुम्हालाही जमतं.

२३. उबंटू (लिनक्स) टाकायला सी ड्राइव्ह श्रिंक, म्हणजे लहान, करतोय. १०० जीबी रिकामे आहेत, पण विंडोज फक्त ८ जीबी कमी करू देते. डीफ्रॅग केलं तरी तेच.

प्रश्न १६ मधल्या न हलणाऱ्या फाइलींपैकी एखादी ड्राइव्हच्या शेवटच्या टोकाला बसलेली आहे. श्रिंक टोकाकडून कापत येतं आणि त्या फाइलीपाशी थांबतं. साधं डीफ्रॅग तिला उचलू शकत नाही, म्हणून आकडा हलला नाही.

तात्पुरतं असं करा. हायबरनेशन बंद करा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा (रिस्टोअर पॉइंट जातील हे धरून चाला), पेजफाइल ‘नो पेजिंग फाइल’वर ठेवा आणि मशीन रीस्टार्ट करा. आता हार्ड डिस्क असेल तर एकदा ‘ऑप्टिमाइझ’ करा, एसएसडी असेल तर ही पायरी सोडा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून पुन्हा श्रिंक करून बघा. तरी अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगमधली ‘डीफ्रॅग’ची २५९ क्रमांकाची नोंद उघडा. शेवटची न हलणारी फाइल कोणती ते तिथं नावासकट लिहिलेलं असतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावायची विंडोजची सोय) चालू असेल तर सुरुवात करण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. काम झालं की तिन्ही गोष्टी परत चालू करा, पेजफाइल आधी.